व्याही समजून केलेला सलाम

बिजाया, ९ ऑक्टोबर १९८६

प्रिय लल्ला मुंजिया,

सुखरूप पोचलो. ‘सुखरूप’ हा शब्द जरा सैल हाताने वापरतोय, तेवढं चालवून घे.

स्फाक्सहून निघताना तू माझ्या पिशवीत बदाम, हरीसा आणि तेलाचा डबा कोंबलास, तेव्हाच सांगितलं होतं की मी पाहुणचाराला चाललेलो नाही. मुलीला एक सरळ प्रश्न विचारायचा आणि परत यायचं. अल्जीरियाच्या हद्दीवरच्या कस्टमवाल्या पोरट्याने सगळं उपसून बघितलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या पेट्या उघडल्या, आता माझी उघडली गेली. वर अदबीने विचारतो, “सी हादी, एवढी मिरची कुणासाठी?” म्हटलं, जावयासाठी. तो समजला, हसला आणि शिक्का मारला.

घर गावाच्या अगदी टोकाला, गुराया डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याच्या वर नुसतं जंगल. आमची मुलगी एवढी शिकली आणि राहायला आली ती अशा ठिकाणी, जिथे पोस्टमनसुद्धा खालूनच हाक मारतो.

आता जे लिहितो ते शेजारच्या बायकांना वाचून दाखवायचं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी गच्चीवर न्याहारीला बसलो होतो. चष्मा आत राहिला होता. बघतो तर कठड्यावर एक म्हातारे गृहस्थ समुद्राकडे तोंड करून बसलेले. अंगात तपकिरी लोकरीचा जाड झगा, पाठीला पोक, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी ओळखलं, हे जावयाचे, मोक्रानचे, वडील. मुलीने माझ्या मनाविरुद्ध केलेल्या लग्नाला मी गेलो नव्हतो, तेव्हा भेट ही पहिलीच. माणूस कसाही असो, आपण आपली रीत सोडू नये. छातीवर हात ठेवून उठलो आणि म्हणालो, “सलाम आलेकुम. मी सिहेमचा बाप. आपल्यात जे काही झालं, त्यात आपला दोष असेल असं मी म्हणत नाही.” एवढं मोठं मन मी कधी कुणासाठी केलं नव्हतं.

त्यांनी एकदा वळून बघितलं आणि पुन्हा समुद्राकडे तोंड केलं. म्हटलं, बघा यांचा माज! जरा आवाज चढवून पुन्हा सलाम केला. तेव्हा ते उठले, चार पायांवर कठड्यावरून चालत आले, माझ्या ताटातली भाकरी उचलली आणि जाताना मला आपली उघडी पाठ दाखवून गेले.

शेपूट नव्हती, लल्ला! इथल्या माकडांना शेपूटच नसते. शेपूट असती तर मी कशाला सलाम केला असता?

हे सगळं मोक्रानच्या आईने, तसादीतबाईंनी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. त्यांना अरबीचा एक शब्द येत नाही, मला कबाइलीचा. तरी त्या दिवशी त्या का हसत होत्या ते मला नीट समजलं. मोक्रान मात्र मान खाली घालून म्हणाला, “सी हादी, माझे वडील वारून बरीच वर्षं झाली.” मास्तर आहे तो. चूक दाखवायची संधी सोडेल कशाला?

सिहेम बारीक झाली आहे. घरात एक मूलही आहे. पुढच्या आठवड्यात निघतो.

तुझा भाऊ,
हादी


स्फाक्स, १९ ऑक्टोबर

प्रिय हादी,

पत्र शेजारच्या बायकांना वाचून दाखवलं नाही. मी फक्त फातूमाला सांगितलं, ते तिने सगळ्यांना सांगितलं. पाण्याच्या नळावर तुझी तब्येत विचारतात. व्याह्यांचीही विचारतात.

एका गोष्टीचं मला नवल वाटलं. मुलीचा सासरा जिवंत आहे की नाही, एवढीही चौकशी तू आजवर केली नव्हतीस. दोन वर्षं. गोदीवर आलेल्या गोणीची तरी ती कुठून आली, तिचा मालक कोण, एवढं तू विचारत होतास. आणि ज्याला तू माफ केलंस तो माकड निघाला. जिवंत माणूस असता तर इतकं गोड बोलला असतास का, ते देव जाणे.

‘घरात एक मूलही आहे.’ वा! पत्रात भाकरीला चार ओळी आणि नातवाला एक. नाव काय, कुणावर गेला, रडका आहे की हसरा, काही नाही. आता खालचे दोन दात आले असतील, चावत असेल सगळ्यांना. सिहेम बारीक झाली कारण ती त्याला पाजते. बायका बारीक होतात. तू लगेच जावयाच्या नावाने फौजदारी लावू नकोस.

आणि त्या मास्तराशी बोल. तो काही चावत नाही. जो चावतो त्याला तू सलाम करतोस.

तुझी बहीण,
मुंजिया


बिजाया, ३० ऑक्टोबर

प्रिय लल्ला,

अजून इथेच आहे. आगगाडीच्या वेळा बदलल्यात.

तो सरळ प्रश्न मी दुसऱ्याच दिवशी विचारला होता. सिहेम माझ्याशी बोलत नाही, हे तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. ती बोलते ते मुलाशी. “इदीर, आजोबांना विचार, चहा घेणार का?” इदीर बोट चोखतो. मी इदीरला सांगतो, “घेईन म्हणावं.” असा कारभार. तर मी विचारलं, “सिहेम, घरी येतेस का?” तिने मुलाचं नाक पुसलं आणि म्हणाली, “इदीर, आजोबांना सांग, आपण घरीच आहोत.” इदीरने सांगितलं नाही, पण मला ऐकू आलं.

मूल गोरं आहे, कान मोठे. आपल्या अब्बांचे होते तसे. तुला हवी होती ना माहिती? माझ्याकडे टक लावून बघत बसतं, जणू माझ्याच पेटीत काही लपवलेलं आहे. सिहेमने ते कधी माझ्याकडे दिलं नाही, मी मागितलं नाही.

माकडांचं म्हणशील तर आता उघड लढाई आहे. त्यांनी साबण पळवला, वाळत घातलेला माझा एक मोजा पळवला (एकच! दुसरा मुद्दाम ठेवला), आणि परवा त्या मोठ्या नराने खिडकीतून येऊन तुझा हरीशाचा डबा उघडला. चार बोटं भरून तोंडात घातली. त्यानंतर तो जे ओरडला, ते खाली बंदरावर ऐकू गेलं म्हणतात. तुझ्या हाताच्या चवीला परदेशातून मिळालेली ही पहिली पावती, जपून ठेव. मला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. मी गच्चीवर दिसलो की तो छपरावरून कौलांचे तुकडे फेकतो. दुसऱ्या कुणावर नाही, फक्त माझ्यावर. गल्लीतली पोरं मला ‘माकडांचा व्याही’ म्हणतात. तसादीतबाईंनी मला एक केरसुणी दिली आहे, शस्त्र म्हणून. जेवणात रोज त्यांच्या ऑलिव्हच्या झाडांचं तेल वाढतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी रोज म्हणतो, ठीक आहे. आपलं तेल त्यांनी चाखलं, आणि दिव्यासाठी छान आहे असं म्हणाल्या. मोक्रानने भाषांतर करताना ‘छान’ एवढंच सांगितलं. सिहेमने इदीरला पूर्ण वाक्य सांगितलं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. आतल्या खोलीत भिंतीवर लग्नाचा फोटो आहे. नवरीच्या शेजारी पिवळ्या रेशमी पोशाखात, गळ्यात सोन्याच्या माळा घालून टाळ्या वाजवणारी एक बाई आहे. हुबेहूब तुझ्यासारखी. तू असणं शक्य नाही, कारण त्या आठवड्यात तू अल हम्माच्या गरम झऱ्यावर गुडघे शेकायला गेली होतीस. मीच तुला बसमध्ये बसवून दिलं होतं. तेव्हा अम्माला आणखी एक मुलगी होती का, आणि असल्यास तिला अल्जीरियात का सोडली, एवढं कळव.

आणि हो, त्याला खालचे दोन दात आलेत. तुला स्फाक्समध्ये बसून ते दिसले, म्हणजे दृष्टी चांगली आहे.

हादी


स्फाक्स, ८ नोव्हेंबर

प्रिय हादी,

फोटोतली बाई मीच. पोशाख कसा दिसतो ते लिहिलं नाहीस.

तू मला बसमध्ये बसवलंस, मी पुढच्या थांब्यावर उतरले. गुडघ्यांचं म्हणशील तर तीन रात्री नाचल्यावर ते आपोआप सुटले, झऱ्याची गरजच पडली नाही. आता तू चिडशील, आठवडाभर बोलणार नाहीस. चालेल. तू इथे असतोस तेव्हाही कुठे बोलतोस.

पण मी तिथे काय बघितलं ते सांगते. त्यांच्याकडून सगळं गाव आलं होतं. डोंगरावरच्या म्हाताऱ्या, लांबच्या चुलत्या, अंध ढोलवाला. आपल्याकडून मी. एकटी. नवरीच्या बाजूने बाप बसतो त्या गादीवर तसादीतने कुणाला बसू दिलं नाही. तीन दिवस ती गादी रिकामी. कुणी विचारलं की ती म्हणायची, येताहेत, वाटेत आहेत. तुझी अब्रू त्या बाईने राखली, जिच्या तेलाला तू ‘ठीक आहे’ म्हणतोस.

सिहेम मला लिहिते. आजवर एकदाही तिने तुझी तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

आगगाडीच्या वेळा बदललेल्या नाहीत. फातूमाचा मुलगा रेल्वेत आहे, मी विचारून घेतलं. तेव्हा निघायचं तर निघ, राहायचं तर राह, पण गाडीला बदनाम करू नकोस. आणि निघण्याआधी त्या पोराला एकदा उचल. त्याच्यावर कस्टम लागत नाही.

मुंजिया


बिजाया, १७ नोव्हेंबर

लल्ला,

घाईत लिहितोय. इदीर ठीक आहे. मीही ठीक आहे. सिहेमने तुला काही लिहिलं तर त्यातलं अर्धं खोटं समज. अक्षर वाकडं आलंय ते थंडीमुळे.

पोशाख बरा दिसतो.

हादी


स्फाक्स, २५ नोव्हेंबर

हादी,

तुझं चिठोरं आणि सिहेमचं लांबलचक पत्र एकाच दिवशी आलं. अर्धं खोटं समज म्हणतोस, ठीक आहे, पण कोणतं अर्धं? तू रांगत गेलास ते, की तू त्या माकडाला ‘साहेब’ म्हणालास ते?

मला हसू येत नाहीये, हे आधी सांगते. तिचं पत्र मी दोनदा वाचलं. तिने दारातून जे बघितलं आणि तू तिला जे तुटक सांगितलंस, तेवढंच लिहिलंय. बाकीचं फक्त तुला माहीत आहे. सगळं लिही. थट्टा केलीस तरी चालेल, पण काही गाळू नकोस.

मुंजिया


बिजाया, ४ डिसेंबर

प्रिय लल्ला,

ऐक तर मग.

तसादीतबाई ऑलिव्ह उतरवायला त्यांच्या गावी गेल्या होत्या. मोक्रान शाळेत. शेजारीण जिन्यावरून पडली म्हणून सिहेमला पळत खाली जावं लागलं. जाताना ती दारात थांबली. इदीर चटईवर झोपला होता. त्याला जागं करून निरोप देणं शक्य नव्हतं, म्हणून ती भिंतीकडे बघून म्हणाली, “कुणीतरी याच्याकडे लक्ष ठेवायला हवं.” मी भिंतीकडे बघून म्हणालो, “ठेवेल कुणीतरी.”

मग मी लक्ष कसं ठेवलं, तर स्वयंपाकघरात कॉफी करायला गेलो. गच्चीचं दार लोटलेलं होतं, कडी लावली नव्हती. लावायला हवी होती. परत आलो तर तो आत होता. तोच, हरीसावाला. चटईच्या कडेला बसलेला. दारात त्याची दोन-तीन माणसं... माणसं म्हणतो बघ मी आता. इदीर जागा झाला होता आणि पालथा पडून त्याच्याकडे बघत होता. त्या दोघांमध्ये एका उशीएवढं अंतर, आणि माझ्यात आणि त्यांच्यात सगळी खोली.

केरसुणी दाराशी होती. मी ती उचलली. त्याने फक्त तोंड उघडलं. लल्ला, ते सुळे मी इतक्या जवळून कधी बघितले नव्हते. माझ्या बोटाएवढे. आणि तोंड उघडं ठेवूनच त्याने एक हात लांब केला आणि इदीरच्या सदऱ्यावर ठेवला. हळूच. आपण मालावर हात ठेवतो ना, हे माझं, म्हणून, तसा.

मी केरसुणी खाली ठेवली. हातातून पडली असं सिहेमने लिहिलं असेल, पण तेव्हा ती तिथे नव्हती. उभं राहून पुढे जावं तर तो गुरगुरे. म्हणून खाली बसलो, आणि मग रांगलो. होय, रांगलो. निवृत्त कस्टम अधिकारी, हज करून आलेला माणूस, चार पायांवर. आणि जीभ गप्प बसेना. “साहेब, बसा, बसा. उठू नका. घर तुमचंच आहे. भाकरी घ्या, साबण घ्या, काय हवं ते घ्या. हा एवढा तेवढा राहू द्या. हा माझा आहे.” शेवटचं वाक्य मी मोठ्याने म्हणालो. मला आठवतं, कारण माझाच आवाज ऐकून मी थांबलो.

मग मी त्याच्या हाताखालून इदीरला ओढून घेतलं. कसं धरायचं ते विसरलो होतो. सिहेम एवढीशी होती त्यानंतर धरलंच कुणाला? डोकं एकीकडे, पाय एकीकडे. डोळे मिटून घेतले आणि आता पाठीत दात बसणार म्हणून वाट बघत राहिलो.

बसले नाहीत. डोळे उघडले तर तो माझ्याजवळ सरकून बसला होता, खांद्याला खांदा लावून. न्हाव्याकडे बाकावर नंबर लावून बसतात तसा. त्याने मान पुढे केली, इदीरच्या तोंडाशी तोंड नेलं, ओठ मागे ओढले आणि दात कटकट वाजवले. मी मेलो होतो. आणि माझा नातू काय करतो? हसतो! खदखदून हसतो आणि मूठभर केस धरून ओढतो. तो ओढू देत होता. तिघं बसून होतो. किती वेळ ते विचारू नकोस.

शेवटी तोच कंटाळला. उठला, टेबलावरची भाकरी घेतली आणि मंडळींना घेऊन निघून गेला. तेव्हाच सिहेम दारात आली. तिने कठड्यावरून उतरणारी त्याची पाठ बघितली आणि खाली मला बघितलं. तिच्या तोंडून “बाबा!” निघालं. इदीरला नाही, मला. मी म्हणालो, “पाहुणे आत्ताच गेले.” आणि मग मला रडू फुटलं. हे तिने लिहिलं नसेल तर ती चांगली मुलगी आहे. इदीरने माझी विजार भिजवली होती, ते मात्र तिने नक्की लिहिलं असणार.

मी तिला झालेलं तुटक-तुटक सांगितलं, कडीचंही. ती खाली माझ्याशेजारी येऊन बसली. मूल काढून घेतलं नाही.

संध्याकाळी मोक्रानने समजावलं. म्हणे, काठी उगारली असती तर तो नक्की चावला असता. इथल्या नरांना पिल्लांचं भारी वेड. दोघांचं भांडण झालं की त्यातला एक पिल्लू उचलून दुसऱ्याजवळ जाऊन बसतो. मग दोघं त्या पिल्लाकडे बघत बसतात, आणि भांडण राहूनच जातं. मास्तर लोकांना सगळ्यातून धडा काढायची खोड असते. मी म्हटलं, “हो का.”

पण त्या दिवसापासून सिहेम थेट बोलते. मी माझा प्रश्न जरा बदलून विचारला. “वसंतात स्फाक्सला येशील? थोडे दिवस?” ती म्हणाली, “एकटी येणार नाही. आणि मोक्रानला मी विचारणार नाही, बाबा. बोलवायचं असेल तर तुम्ही बोलवा. तोंडाने.”

तीन दिवस मी त्याला बोलवायला निघत होतो. सकाळी तो घाईत. दुपारी शाळेत. रात्री वह्या तपासतो. काल तो छपरावर नवी कौलं बसवत होता. मी खाली गल्लीत उभा. म्हटलं, वर तोंड करून बोललं की त्याच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही. म्हणालो, “मोक्रान, वसंतात सगळे आमच्याकडे या.” वारा होता. तो म्हणाला, “काय, सी हादी?” मी पुन्हा म्हणालो. “ऐकू येत नाही!” तेव्हा मी ओरडलो. असा ओरडलो की समोरच्या बायका खिडक्यांत आल्या, पोरं खेळ सोडून उभी राहिली. अख्ख्या गल्लीला माझं आमंत्रण पोचलं. एकदा मान खाली घालून भागलं असतं, पण माझ्या नशिबात तीनदा होतं.

तो शिडीवरून खाली आला. हातात कौल तसंच. विचारतो, “आम्ही कुठे उतरायचं, सी हादी? हॉटेलात?”

उपहास नव्हता गं त्यात. तो खरंच विचारत होता. मी म्हणालो, “हॉटेलात कशाला? तुझ्या बायकोचं घर आहे तिथे.”

सिहेम खिडकीत होती. ती काही म्हणाली, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारच्या, १४ तारखेच्या गाडीने निघतो.

हादी


स्फाक्स, १३ डिसेंबर

प्रिय हादी,

हे पत्र तू निघाल्यावर पोचेल. पोचू दे, सिहेम वाचेल.

अंगणाकडची मोठी खोली मी रिकामी केली. तुझा पलंग मागच्या खोलीत टाकला आहे. तुझी झोप नाहीतरी कमीच, खिडकी नसली तरी चालेल. चुना लावायला माणूस सांगितलाय. लोक विचारतात, मुंजिया, कोण येणार? मी सगळ्यांना सांगितलं, हादीचा जावई. मशिदीच्या इमामाला सांगितलं, मासळीवाल्याला सांगितलं, तुझ्या त्या जुन्या कस्टमच्या मित्रांच्या कॉफीच्या दुकानात जाऊन उभ्याने सांगितलं. ‘जावई’ हा शब्द तू दोन वर्षांत तिथे उच्चारला नव्हतास, म्हणून मीच दोनदा उच्चारला. आता तुला माघार घ्यायची असेल तर अख्ख्या स्फाक्सला वेगवेगळं समजावत फिरावं लागेल.

तू त्या पोराला कसं धरलंस, मोक्रानला काय म्हणालास, सगळं लिहिलंस. माकडाशी झालेलं बोलणंही लिहिलंस. खिडकीतून सिहेम काय म्हणाली, तेवढं गाळलंस.

विचारणार होते. पण राहू दे. ते मला सांगू नकोस.

मुंजिया